तिसऱ्या वेळचा सूर

घशाच्या ऑपरेशनात माझा आवाज पुरता गेला नाही, पण जो उरला तो ऐकून माझी मलाच लाज वाटायची. एकतीस वर्षं बारामतीच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये मी गायन शिकवत आलो. आता सगळा कारभार खुणांवर आणि वहीवर चालायचा. तो फाटका आवाज मी मंडळीत कुणाच्याही कानी पडू दिला नव्हता.

पण गुड फ्रायडे कुणासाठी थांबत नाही. त्या दिवशी फादर झाकलेला क्रूस तीन टप्प्यांत उघडतात आणि दर टप्प्याला एकच ओळ गायची असते, प्रत्येक वेळी आधीपेक्षा वरच्या सुरात. लोक गाऊन उत्तर देतात आणि गुडघे टेकतात. आमच्या फादरांना सुराचं अंग नाही, हे ते स्वतःच हसून सांगतात, म्हणून ती ओळ इतकी वर्षं माझ्याकडे होती. यंदा कुणी तयार झालं नसतं तर ती नुसती वाचावी लागली असती, आणि ते मला जिवंतपणी ऐकवलं नसतं.

शिकायला सहा मुलं आली. सगळ्यांना कीबोर्डचा ठेका हवा. एमआयडीसीत कामाला असलेला अविराज तर बाकावर बोटांनी ताल धरून बसायचा. मी वहीत लिहून दाखवलं, इथं ताल नसतो, शब्द चालेल तसा सूर चालतो. त्यावर त्यानं विचारलं की मग चुकलं हे कळायचं कसं. कार्ट्याचा प्रश्न बरोबर होता, म्हणून मला जास्तच राग आला.

ओळीसाठी मी दिशाला निवडलं. अकरावीतली पोर, दर रविवारी इंदापूरहून एसटीनं यायची. आवाज स्वच्छ, पण जीव भित्रा. मी पेटीची काळी एक ही पट्टी दाबायची, तिनं तिथून सूर उचलायचा. चुकली की मी पेटीचं झाकण धाडकन लावायचो. दोनदा रडवलं तिला. सहा आठवड्यांत ओळ पक्की बसली आणि मी स्वतःवर खूश झालो.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारच्या मिस्सेच्या उपासनेत, आमच्याकडे दुखवटा म्हणून पेटी बंद होते, ती शनिवारपर्यंत. शुक्रवारी वाद्याला हात लावायचा नाही, हे पोराटोरांना मीच शिकवलेलं. पण पेटीशिवाय सूर कुठून घ्यायचा, ते दिशाला शिकवायचं राहूनच गेलं. माझ्या गळ्यात तो आपोआप असायचा, त्यामुळे ही गोष्ट शिकवावी लागते हे कधी डोक्यातच आलं नाही.

दुपारचे तीन वाजून गेले होते. चर्च भरलेलं. फादरांनी क्रूस हातात घेतला तशी दिशा माझ्याकडे वळून कुजबुजली, "मास्तर, सूर द्या की."

मी झाकलेल्या पेटीकडे बघून नकारार्थी मान हलवली.

भीतीनं तिनं फार वरून उचललं. उत्तराला बायका पोचल्या, पुरुष गप्प झाले. दुसऱ्यांदा तिचा आवाज चिरला आणि दोनचार जणींनीच कसंबसं उत्तर दिलं. फादरांनी तिसरा टप्पा उघडला. दिशानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

माझा हात पेटीवरच्या कापडाकडे गेला. एक पट्टी दाबली की काम होणार होतं. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, पोर क्रूसाकडे बघतच नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती, आता झाकण आपटणार म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात मागे घेतला आणि उभा राहिलो.

मग मी सूर दिला. खाली, घोगरा, मध्येच तुटणारा. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. दम संपेपर्यंत मी तो सोडला नाही. दिशानं डोळे मिटले आणि तो सूर आपल्या आवाजात घेऊन ओळ उचलली. तिसऱ्यांदा सगळ्यांत वर जायचं असतं, ती सगळ्यांत खाली आली होती. पण उत्तराला बायकांबरोबर पुरुषही उतरले, म्हातारे उतरले, अविराज उतरला. सगळं चर्च एका सुरात गायलं आणि गुडघ्यावर आलं. मी तोंडावर रुमाल धरून रडलो.

उपासना संपल्यावर दिशा खाली मान घालून समोर उभी राहिली. "मास्तर, माजं चुकलं."

"न्हाय पोरी," मी म्हणालो. "माजं चुकलं."

बाहेर पडणारी माणसं थबकली. माझा आवाज ऐकून दिशानं मान वर केली.

"मग आता पेटी नगं, मास्तर. तुमच्या गळ्यानं शिकवा."

मी सगळ्यांदेखत व्हय म्हणालो.