दर्शनी गाळा

हमरस्त्याच्या कडेला दुकानांची एकच ओळ होती आणि तिच्यामागे नुसता उजाड माळ, तेव्हापासून काकू तिथे चपला-बूट विकत होत्या. दुकान दोघा भावांचं. धाकटा, म्हणजे काकूंचा नवरा, माल आणायचा. थोरले दीर गल्ल्यावर बसायचे. आणि गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवायचं काम काकूंचं. गाळा अगदी दर्शनी, रस्त्यावरून ओळीत शिरणाऱ्याची पहिली नजर त्यांच्याच काचेवर पडायची.

पुढे ओळीवर छप्पर चढलं, दर्शनी बाजूला मोठं काचेचं दार बसलं, लोक त्याला सेंटर म्हणायला लागले. त्याच वर्षी छातीत कळ येऊन काकूंचा नवरा गेला.

दुःख जरा निवतंय न निवतंय तोच ती दुपार आली. एका बाईंचा पाय काकूंच्या मांडीवर होता, सँडलचा पट्टा लावणं चाललं होतं. भाऊजी गल्ल्यावरूनच म्हणाले, "मागच्या बाजूला नवीन गाळे निघतायत. एक तुझ्यासाठी बोलून ठेवलाय. तू तिकडे तुझं बघ. इथे रोजची कटकट नको."

कटकट कसली, हे काकूंना कळलं नाही. दुकानात त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. त्या बाईंनी पाय हळूच काढून घेतला आणि सँडल न घेताच निघून गेल्या. अंगाची लाही होत होती, तरी काकू खाली बसूनच राहिल्या. उठल्या असत्या तर हातातली सँडल भाऊजींच्या तोंडावर बसली असती.

मागचा गाळा स्वच्छतागृहाला लागून होता. पलीकडे मालाच्या गाड्या लागायच्या. तिथे कुणी खरेदीला येत नसे. येत ते आत गेलेल्या बायकोची नाहीतर मुलाची वाट बघत उभे राहणारे. काकूंनी त्यांनाच धरलं. उभेच आहात तर बसा, बसलाच आहात तर घालून बघा. स्लिपर, शाळेचे बूट, पावसाळी चपला. पोटापुरतं भागत होतं. समोरच्या बाजूला भाऊजींची काच दर वर्षी नवी होई, आणि कोणी ना कोणी येऊन तिचं वर्णन करून जाई. काकू ऐकून घ्यायच्या. मनातली गाठ आणखी घट्ट व्हायची.

सेंटर वाढत गेलं. वर मजला चढला, सरकते जिने आले, वाणसामानाचं अवाढव्य दुकान आलं, त्याच्या डोक्यावर सिनेमा. दुकानदारांची कमिटी झाली. तिच्या बैठकांना कुणी फिरकत नसे. गळती-गटारांच्या गप्पा ऐकायला वेळ कुणाला? भाऊजी तर उघड हसायचे. काकू मात्र एकही बैठक चुकवत नव्हत्या. कुणाच्या छतातून पाणी येतंय, कुणाचा दिवा बंद आहे, मॅनेजरच्या मागे लागून सगळ्यांची कामं करून द्यायच्या. बघता बघता निम्मं सेंटर त्यांच्या शब्दाबाहेर जाईना. 'काकू' ही हाक खरं तर पुतणीची, भाऊजींच्या मुलीची, पण आता चहावाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळेच काकू म्हणू लागले.

मग दैवानेच कूस बदलली. हमरस्त्यावर उड्डाणपूल झाला आणि गाड्या सेंटरच्या डोक्यावरून परस्पर जायला लागल्या. मागच्या माळावर स्टेशन आलं, बहुमजली पार्किंग आलं. नवं मोठं दार मागे होणार हे ठरल्यातच जमा होतं. प्रश्न एवढाच होता की जुनं दार ठेवायचं का. मॅनेजरचं मत ठेवावं असं होतं, लहानसं का होईना.

काकू दुकानादुकानातून फिरल्या. दोन दारं म्हणजे दुप्पट पहारेकरी, चोऱ्या दुप्पट, एसीचा गारवा रस्त्यावर. वाणसामानवाल्यांना गोदामाला जागा हवीच आहे, तिथे सरळ भिंत घालू द्या. बोलणं सगळं रास्त होतं. त्याच्या आत काय आहे हे कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

एकीला दिसलं. बैठकीच्या आदल्या दिवशी पुतणी आली. लहानपणी बापाची नजर चुकवून हीच पोर मागच्या गाळ्यात यायची, खोक्यांच्या उतरंडी रचायची. आता दर्शनी दुकान तीच चालवत होती.

"उद्या हात वर करणार तुम्ही?" तिने विचारलं.

"करणार."

"काकू, दुकान बाबांनी कधीच माझ्या हवाली केलंय. त्यांचं काही बंद पडत नाही. माझं पडतंय."

काकूंना हे ठाऊक होतं. महिनाभर त्यांनी त्याचाच विचार केला होता, आणि दर वेळी ती दुपार आडवी आली होती.

"तू मधे आलीस," त्या म्हणाल्या, "त्याला मी काय करू?"

पुतणीने फळीवरचा एक तिरका बूट सरळ केला आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी पहिला हात काकूंचा वर झाला.

दार बुजलं. भाऊजींच्या काचेसमोर गोदामाची भिंत आणि रिकाम्या खोक्यांचा ढीग आला. वाट चुकलेलं माणूसच तिकडे जाई. काकू मात्र रोज एक चक्कर टाकायच्या, सावकाश, हात मागे बांधून. वर्षाच्या आत पुतणीने शटर ओढलं आणि नोकरी धरून दुसऱ्या शहरात निघून गेली. जाताना भेटायला आली नाही. ते काकूंना लागलं, पण ती किंमत त्यांनी आधीच मनाशी धरली होती.

धरली नव्हती ती पुढची गोष्ट. काकूंचं दुकान आता नव्या दारासमोर, ऐन गर्दीत. त्याच्या पुढ्यात एक लांब बाक होता. त्या बाकावर भाऊजी येऊन बसायला लागले. धुतलेला शर्ट, हातात आइस्क्रीमचा कोन, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा. चेहऱ्यावर खंत औषधालाही नाही. उलट शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना कौतुकाने सांगायचे, "ही आमच्या धाकट्याची बायको. सगळं सेंटर हिच्या मुठीत आहे."

काकूंना ते सहन होईना. एक दिवस त्या बाहेर आल्या.

"दुकान गेलं त्याचं काहीच वाटत नाही, भाऊजी?"

"सुटलो बघ," भाऊजी म्हणाले. "जन्म गेला त्या गल्ल्यामागे. आता कसं मोकळं वाटतं."

"मला संडासाशेजारी नेऊन बसवलंत, ते आठवतं का?"

भाऊजींनी खरोखर आठवून पाहिलं. "मी? अगं, वेगळं दुकान तर तुलाच हवं होतं ना? आणि बरंच झालं की. बघ आज कुठे आहेस."

काकू आत आल्या, फोन उचलला आणि मॅनेजरला सांगितलं की बाकामुळे दुकानासमोर गर्दी तुंबते, काढून टाका. त्यांचा शब्द कोण मोडणार? संध्याकाळपर्यंत बाक उखडला गेला.

दुसऱ्या दिवशी भाऊजी कोन हातात घेऊन आले आणि मोकळ्या फरशीवर थबकले. इकडेतिकडे पाहिलं, पहारेकऱ्याला काहीतरी विचारलं. पहारेकऱ्याने हनुवटीने काकूंचं दुकान दाखवलं. भाऊजी वळले. काचेतून त्यांची आणि काकूंची नजर भिडली, आणि भाऊजींचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आता कुठे त्यांना कळत होतं. कोन वितळून मनगटावर ओघळला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. काकूंनी नजर खाली घेतली नाही. भाऊजी स्टेशनच्या बाजूला चालते झाले आणि सेंटरमध्ये पुन्हा दिसले नाहीत.

त्या दोन म्हाताऱ्या मात्र गेल्या नाहीत. थेट दुकानात येऊन गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर ऐसपैस बसल्या.

"काकू, बाक कोणी हो काढला? कसला कोत्या मनाचा माणूस असेल."

"असेल कोणीतरी," काकू म्हणाल्या. "बसलाच आहात तर पायाचा नंबर सांगा."