मनकवडे महाराजांची शांतिपेटी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तसे लोक भिंतीला टेकून उभे राहिले, आणि मनकवडे महाराज डोळे मिटून एकेकाच्या मनाचा तळ ढवळू लागले.

"तू ठरवलं आहेस, भावाला घरात घ्यायचं नाही!"

एक शिंपी मटकन खाली बसला. त्याचा भाऊ दोन रांगा मागेच होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग महाराजांनी सासूबाईंबरोबर आलेल्या दोघी बहिणींतल्या धाकटीकडे बोट रोखलं. "'मला दुसरं मूल नको, पहिल्या वेळी मरता मरता वाचले, सासूबाईंना सांगायचं धाडस होत नाही.' हेच आहे ना मनात? आणि पुढे..." महाराजांनी कपाळ चोळलं. "पुढे माया आडवी येते आहे. असो! वर्षभरात पाळणा हलू दे, पाप धुऊन निघेल."

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. धाकटी पांढरीफटक पडली होती.

तिच्या दुसऱ्या बाजूला तिची थोरली बहीण होती. ती कोर्टात लघुलेखिका. साक्षीदारांचा शब्द न् शब्द टिपण्यात बावीस वर्षं गेलेली, त्यामुळे समोर कोणी बोललं की तिची बोटं आपोआप चालत. महाराजांचं बोलणंही तिने वहीत उतरवलं होतं. घरी येऊन ते वाचलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. हे मनातलं नव्हतंच, बोललेलं होतं! मंगळवारी धाकटीने आपल्या खोलीत, दार लावून, तिलाच हे सांगितलं होतं. वाक्यंसुद्धा त्याच क्रमाने. आणि माया आडवी आली ती नेमकी तिथे, जिथे शेजाऱ्यांनी भिंतीला ड्रिल लावलं होतं.

थोरलीने धाकटीला आपल्या घरी बोलावून हे सगळं सांगितलं. तिला पटेना.

"ताई, हळू बोल. मी हल्ली विचारसुद्धा करत नाही. मनात काही आलं की पाढे म्हणते. त्यांना कळतं गं सगळं."

"मग आता काय करणार आहेस?"

"होऊ दे दुसरं मूल. हेही तेच म्हणतात, सासूबाईही."

"आणि डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?"

पुन्हा दिवस राहिले तर तुमच्या जिवाची खात्री देता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. थोरलीला महाराजांचा राग आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. स्वतःच्या मनातही जागा उरली नाही, तर या पोरीने जायचं कुठे?

धाकटीच्या खोलीत नवी वस्तू एकच होती. शांतिपेटी! महाराजांनी घरोघर दिलेली ही लाकडी पेटी प्लगला लावली की दिवसभर मंद गुणगुणायची. शनिवारी सकाळी ती 'शक्ती भरायला' जमा करायची आणि रविवारी सभेनंतर परत न्यायची. शक्ती दर आठवड्याला कशी संपते, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

शुक्रवारी थोरली पेटीजवळ बसून खणखणीत आवाजात धाकटीला म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं, मी नोकरी सोडतेय. कोर्टाचा वीट आला." मग बाहेर येऊन तिने एक बंद पाकीट सासूबाईंच्या हातात दिलं. "मावशी, रविवारी सभेत मी सांगेन तेव्हा उघडा." सासूबाईंनी फार न विचारता ते पर्समध्ये घातलं.

रविवारी महाराज थोरलीकडे बोट रोखून गरजले, "बाई, तुझ्या अंतरंगात वादळ आहे! नोकरी सोडायची ठरवलीस! कोर्टाचा वीट आला तुला!"

"मावशी, पाकीट उघडा. मोठ्याने वाचा."

सासूबाई उभ्या राहिल्या. "'नोकरी सोडायचा विचार माझ्या मनात कधीच आला नाही. हे मी शुक्रवारी शांतिपेटीपुढे मुद्दाम खोटं बोलले.'"

थोरली तोवर मंचावर पोचली होती. रचलेल्या पेट्यांतून तिने धाकटीची पेटी उचलली आणि चार स्क्रू काढले. आत गुणगुणणारा स्पीकर होता, त्याला चिकटून हरभऱ्याएवढा मायक्रोफोन आणि नखाएवढं मेमरी कार्ड.

"मी सही घेतली आहे!" महाराज ओरडले. दैवी आवाज कुठल्या कुठे पळाला होता. "प्रत्येक घरातून! हा घ्या कागद!"

कागदावर लिहिलं होतं, 'घरात यंत्र ठेवण्यास संमती.' खाली सासूबाईंची सही.

"यात आवाज टिपण्याबद्दल एक अक्षर नाही," थोरली म्हणाली. "कोर्टात आम्ही खुनाच्या आरोपीलाही आधी सांगतो, तुमचं बोलणं नोंदवलं जातंय म्हणून. इथे बोलत होतो आम्ही दोघी. आमच्या बोलण्याची संमती तिसरं माणूस कसं देणार? बोलणाऱ्यांना न विचारता खासगी बोलणं टिपून दैवी शक्तीचा आव आणणं आपल्या कायद्यात गुन्हा आहे. मी कळवलंय, पोलीस येताहेत. पेट्यांना कुणी हात लावू नका."

लोक उठले, पण महाराजांना जाब विचारायला पुढे आले ते मोजकेच. बाकीचे जागीच उभे राहून, आपण बंद दाराआड काय काय बोललो ते आठवत होते. शिंप्याने भावाला हाक मारली. भाऊ न थांबता निघून गेला. पेटी उघडली म्हणून झालेलं नुकसान काही भरून निघत नाही.

थोरलीला हे दिसत होतं. तिने माईक हातात घेतला. "माणसाच्या मनातलं दुसऱ्या कुणालाही ऐकू येत नाही. तुमचं मन कुणी अचूक सांगितलं, तर हात जोडण्याआधी विचारा, याला हे कळलं कसं? आणि घरच्यांचं काही जाणून घ्यायचं असेल, तर घरच्यांनाच विचारा. चोरून ऐकू नका."

खाली सासूबाई अजून पाकीट धरून उभ्या होत्या. "एवढं मनात होतं," त्या सुनेला म्हणाल्या, "तर माझ्याशी बोलायचं होतंस."

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत. पेटी आणलीत." धाकटीची नजर खाली गेली नाही. "आता विचारा."

सासूबाईंनी हातातलं पाकीट खुर्चीवर ठेवलं.

"तुला दुसरं मूल हवंय का गं?"

"नाही," धाकटी म्हणाली.