झोळीची करकर

“रिकामी झोळी हलवू न्हाई, राजे. लेकराला सोसत न्हाई,” मनकर्णाबाई दारातूनच म्हणाल्या आणि खुरपं घेऊन रानाकडे निघाल्या. रोजचंच सांगणं होतं. राजेश्रीनं मान डोलावली, सासूबाई वळणाआड जाईपर्यंत थांबली आणि मग झोळीतला वरवंटा काढून खाली ठेवला.

पेडगावच्या त्या घरात भक्तीला झोळीतून उचललं की तिच्या जागी फडक्यात गुंडाळलेला वरवंटा ठेवायचा, असा शिरस्ता होता. बारशाला पाळण्याखालून फिरवलेला हाच तो वरवंटा. राजेश्री बी.एस्सी. झालेली, पण असल्या गोष्टींवरून तिनं सासूशी कधी वाद घातला नव्हता. वरवंटा ठेवल्यानं कुणाचं काय जातं? उलट एरवी जीव घाबरा तिचाच जास्त. भक्ती झोपली की ती नाकापुढं बोट धरून श्वास बघायची, झोळी जराशी हलली तरी आत हात घालून चाचपायची. पण आज तिला पुरावा हवा होता. भक्ती सतरंजीवर रांगत होती. राजेश्रीनं मोबाईल दोरीजवळ धरला, रिकाम्या झोळीला झोका दिला. करकर, करकर. बारीक आणि उतावीळ आवाज. तिच्या मनासारखा.

हे सगळं एका गाण्यापायी चाललं होतं.

‘टिटवी’ हा परभणीच्या तीन पोरांचा रॉक बँड. गिटार, बेस, ड्रम आणि ड्रमच्या शेजारी हलगी. कॉलेजच्या गॅदरिंगला राजेश्रीनं त्यांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्धं सभागृह उठून गेलं होतं. ती मात्र पुढच्या रांगेत जाऊन बसली. लग्न झालं, मूल झालं, टिटवी सुटली नाही. दुपारी कामं आवरली की ती एक इयरफोन एका कानात घालायची, दुसरा गळ्यात लोंबता. एक कान टिटवीला, एक भक्तीला. मनकर्णाबाईंना ते नावच आवडायचं नाही. टिटवी ओरडली की त्या चुलीत मीठ टाकणाऱ्यांतल्या. नवरा जीवन म्हणायचा, “तुझी टिटवी औंदा अंडी कुठं घालणार ते तरी इचार. उंचवट्यावर का ओढ्यात? पावसाचा अंदाज कळंल.”

आठवड्याला एका गाण्यावर ती आपलं मत लिहायची आणि ‘टिटवीवाले’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची. ग्रुप तिनंच काढलेला. तिथं जिल्हाभरातली पोरंपोरी, एक-दोन मास्तर, एक टेम्पोवाला. राजेश्रीची मतं भिडस्त नसायची. ‘धूळवाट’मध्ये ड्रमवाला मुद्दाम मागं राहतो, चढावर गिअर बदलणाऱ्या एसटीसारखा, आणि तीच त्या गाण्याची गंमत. ‘बारव’ चारठाण्याच्या जुन्या दगडी मंडपात रेकॉर्ड केलंय, त्यात दगडांनी दिलेलं उत्तर एवढं सुंदर आहे की गायक परमेश्वरनं शेवटी गप्प बसायला हवं होतं. आणि सगळ्यांचं लाडकं ‘बाभळ’? त्यातली गिटार वरातीतल्या बँजोसारखी नुसती नाचते.

‘बाभळ’वर लिहिलं तेव्हा ग्रुप तिच्यावर तुटून पडला. त्यातच एका नंबरवरून आवाजी मेसेज आला. फोटोत शिंगवाला मेंढा, नाव मल्हारी. पण आवाज बाईचा.

“मी सोनू बोलायले. मोबाईल नवऱ्याचा हाय. ताई, बाभळीला नावं ठिवू नका. तुमच्या घरावर शिमिटाचा सलाब हाय. बाभळीखाली राहून बघा, मग गिटार नाचती का रडती ते कळंल.”

मागं मेंढरं बें बें करत होती, कुठंतरी घुंगरू वाजत होतं आणि एक लेकरू ‘ता, ता’ करत होतं. राजेश्रीनं हसत तिलाच परत विचारलं, लेकरू कितीचं. नाव बबलू, भक्तीएवढंच. तेव्हापासून दोघींचं जमलं. म्हणजे भांडण जमलं. मेंढरांमागं रानोरान फिरणारी सोनू लिहायची नाही, बोलायची. “ताई, तुमच्या कानात कापूस हाय का,” अशी सुरुवात करायची आणि राजेश्रीनं नावं ठेवलेलं प्रत्येक गाणं उचलून धरायची. तिच्या मेसेजात बबलूची ‘ता, ता’ असायचीच. राजेश्री ती भक्तीला ऐकवायची आणि भक्ती मोबाईल चाटायची.

मग ‘झोळी’ आलं. गाणं केवढं, तर एक ओळ. ‘कोण निजलं, कोण जागं’, तीच फिरून फिरून. मग गिटार हळूहळू खाली बसते, हलगी थांबते आणि शेवटी उरते ती नुसती दोरीची करकर, गाणं संपेपर्यंत. राजेश्रीनं लिहिलं की टिटवीचं हे सगळ्यात मोठं गाणं, कारण ती झोळी रिकामी आहे. भरल्या झोळीची दोरी दमानं बोलते, जडपणे. ही बारीक वाजते. आत कुणी नाही आणि तरी कुणीतरी हलवतंय, म्हणून अंगावर काटा येतो.

सोनूचा मेसेज आला. “भरलेली हाय, ताई. माय हलवायली, लेकरू निजलंय. रिकामी कोण हलवंल?”

ग्रुपमध्ये दोन तट पडले. टेम्पोवाला सोनूकडून, मास्तर राजेश्रीकडून. चेष्टामस्करीला ऊत आला. त्या धांदलीत सोनूनं एकदा सांगितलं की बबल्याला ताप हाय, आता लवकर न्हाई यायची. राजेश्रीनं तिला वेगळा मेसेज केला: पाणी पाजत राहा, अंगावर घ्या, उद्यापर्यंत उतरला नाही तर दवाखान्यात न्याच. आणि स्वतः उठून भक्तीच्या कपाळाला हात लावून आली.

पुढं कितीतरी दिवस मेंढ्याचा फोटो गप्प होता. मग एका दुपारी सोनूनं विचारलं, “ताई, झोळी कवरोक बांधून ठिवायची असती?”

चालायला लागेपर्यंत, राजेश्रीनं कळवलं, आमची तर अजून रांगतेय. ताप उतरला का?

“उतरला.”

एवढंच. राजेश्रीला बरं वाटलं. आणि मग तिच्या डोक्यात आलं की हा वाद एकदाचा मिटवून टाकावा. म्हणून तर वरवंटा जमिनीवर आला होता. तिनं तीन आवाज ग्रुपवर टाकले. एक गाण्यातली करकर, एक भक्ती झोळीत असतानाची, एक रिकाम्या झोळीची. पहिला आणि तिसरा डोळे मिटून ऐकले तर सारखेच. खाली लिहिलं, पटत नसेल तर आपापल्या घरची झोळी हलवून बघा.

सोनूचं उत्तर आलं तेव्हा भक्ती किरकिर करत होती. तिला कडेवर घेऊन राजेश्रीनं एका कानानं ऐकलं. आधी नुसती दोरीची करकर, लांबलचक. मग सोनू म्हणाली, “तुमचं खरं हाय, ताई. रिकामीच हाय.” पुढं ती आणखी काहीतरी बोलली, पण भक्तीनं तेवढ्यात इयरफोन ओढला. मास्तरांनी टाळ्यांची चित्रं टाकली. राजेश्रीनंही एक हसरा चेहरा टाकला, ‘शेवटी पटलं ना!’ असं लिहिलं आणि भक्तीला भरवायला बसली.

भक्ती झोपल्यावर तिनं तो मेसेज पुन्हा लावला. जिंकल्याचा आनंद पुन्हा घ्यावा म्हणून. का कोण जाणे, पण या वेळी दोन्ही कानांत इयरफोन घातले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.

करकर. तिच्या मागं मेंढरं, घुंगरू. ‘ता, ता’ कुठंच नव्हतं. ती शेवटपर्यंत वाट बघत राहिली, आता येईल, आता येईल. मग सोनू: “तुमचं खरं हाय, ताई. रिकामीच हाय. मी रोज हलवायले, मला ठावं पायजे होतं.”

राजेश्री उठली आणि झोळीत हात घातला. भक्ती होती. ऊबदार, घामेजलेली. तिनं हात तसाच आत ठेवला. हसरा चेहरा मोबाईलवर दिसत होता, त्यावर कुणीतरी अंगठा दिला होता. तिनं तो पुसून टाकला आणि फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, जेवण टाकून, भाकरी तव्यावर असताना, ती लावत राहिली. बंद.

जीवन म्हणाला, रेंज नसेल, मेंढरंवाले कुठंकुठं असतात. मग बायकोच्या तोंडाकडं बघून तिच्या हातातला मोबाईल घेतला आणि स्वतः लावून पाहिला. घरात दोरी वाजली की राजेश्री दचकायची. भक्ती झोळीत असली तरी तिला करकर बारीकच ऐकू यायची. ती झोळीच्या दोरीला तेल लावायची, आवाज थांबायचा आणि मग ते थांबणं सोसायचं नाही.

शेवटी तिनं सासूला सगळं सांगितलं, वरवंट्यासकट. बोलणी खायची तयारी ठेवूनच. मनकर्णाबाईंनी ऐकून घेतलं, लुगड्याचा पदर खोचला आणि विचारलं, “कुठं बसवली व्हती मेंढरं, काई बोलली का?”

बोलली होती. पालमच्या रस्त्याला, दत्तरावांच्या रानात.

“चल मग.”

परभणीला गाडी बदलून, भक्तीला मांडीवर घेऊन दोघी पालमला उतरल्या. स्टँडसमोरच्या दुकानात विचारलं, दत्तरावांचं रान सापडलं. शेत खतवायला त्यांनी मेंढरं बसवली होती; जमिनीवर अजून लेंड्यांचा थर होता. म्हातारे दत्तराव खाटेवरून उठले, पाणी दिलं, आणि मेंढरं गोदावरीकडं पुढं गेली म्हणाले. गंगाखेडकडं का खाली, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

राजेश्रीनं विचारलं, त्यांच्यात एक सोनू होती ना? तिचं लेकरू?

“लेकरू न्हवतं त्यांच्यासंगं, बाई,” दत्तराव म्हणाले. “मागच्या मुक्कामालाच तापात गेलं म्हणे. झोळी व्हती. ह्या बाभळीला बांधली व्हती. ती हलवायची न् मोबाईल कानाला लावून बसायची. एकच गाणं. तिचा दादला कावून गेल्ता, पर तोडायला हात व्हत न्हवता त्याचा.”

बाभळीच्या फांदीवर दोरीनं साल घासून गुळगुळीत पट्टा पडला होता. मनकर्णाबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. राजेश्रीनं भक्तीला इतकं आवळलं की ती रडायला लागली.

परतीच्या गाडीत भक्ती राजेश्रीच्या मांडीवर झोपली. मग मनकर्णाबाई खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, “रिकामी हलवू न्हाई म्हणत्यात ते लेकरासाठी न्हाई गं. बाईसाठी म्हणत्यात. एकदा हात लागला की सुटत न्हाई. लेकराचं नाव पुढं करावं लागतं, न्हाईतर तुमी पोरी ऐकत न्हाईत.”

राजेश्रीनं त्याच रात्री परमेश्वरला मेसेज केला. टिटवीच्या गायकाला तिनं इतक्या वर्षांत कधी थेट लिहिलं नव्हतं; ओळख झाली की मत भिडस्त होतं, असं तिचं म्हणणं. ‘झोळी’च्या शेवटी नक्की काय वाजतं, एवढंच विचारलं. सकाळी उत्तर आलं. दार होतं ते. त्यांच्या खोलीचं, वाऱ्यानं करकरणारं. रेकॉर्ड करताना आत शिरलं, बरं वाटलं, ठेवून दिलं.

दार. ती उत्तराकडं बघत राहिली. मग गाणं लावलं, दोन्ही कानांनी. दार म्हणून ऐकायचा प्रयत्न केला. तिला झोळीच ऐकू आली.

या आठवड्याला ग्रुपवर मत टाकायचा वार आला. राजेश्रीनं भक्तीला झोपवलं, झोळीची दोरी एका हातात धरून दुसऱ्या हातानं लिहिलं:

‘मंडळी, आज गाणं नाही. आपली सोनू तुम्हाला माहीत आहे. बाभळीवरून मला झापणारी. तिचा बबलू तापात गेला आणि ती रिकामी झोळी हलवतेय. मी तिला पैज जिंकल्यासारखं उत्तर दिलं, तेव्हा मला हे माहीत नव्हतं. तिचा फोन बंद आहे. पालम, गंगाखेड, गोदाकाठ, तुमच्या कुणाच्या शिवारात मेंढरं बसली असतील तर आजच जाऊन बघा. नवऱ्याचं नाव मल्हारी. झाडाला झोळी बांधलेली असेल, ती सोडू नका, तिच्या हातातून ओढून घेऊ नका. रिकामी का हलवतेस, असंही म्हणू नका. शेजारी बसा. बायका असाल तर जास्त बरं. ‘झोळी’ गाण्यात करकरतं ते खोलीचं दार आहे, एवढं तिला सांगा. आम्ही दोघीही चुकलो म्हणावं. पण ते नंतर. आधी तिला विचारा, जेवलीस का. आणि ती काय म्हणाली ते मला कळवा.’