तेलाचं पथ्य

दिवस कलला की समर्थ भिंत चाचपत चालायचा. सहा वर्षांचं पोरगं, दिवसभर शेळ्यांमागं वारं प्यायल्यासारखं पळायचं, आणि तिन्हीसांजेला त्याला उंबरा दिसेना. त्याची बहीण मोनिका हे बघायची आणि तिचं डोकं फिरायचं. दसरा झाला की ऊसतोडीला टेम्पो निघणार. फडात गाड्या अंधारातच जुंपतात, तिथं हे कुठल्या चाकाखाली जाईल? ह्याच विचारानं ती घरात ठरत नव्हती. दारात जा, परत ये, परत जा. तशी नववीत शाळा सोडल्यापासनं तिला कुठं बसवतच नव्हतं म्हणा.

अंगणवाडीच्या आरतीताईनं त्यावर शेवाळाच्या हिरव्या गोळ्या दिल्या होत्या. पोराला पाथर्डीला डॉक्टरकडं न्या, असंही बजावलं होतं. न्यायचं राहून गेलं. गोळ्या मात्र मोनिकानं नेमानं दिल्या, आणि पथ्यही पाळलं. औषध चालू म्हंजे तेल-तूप बंद, हे त्यांच्या घरात ठरलेलंच. आईनं, रतनबाईनं, सांगितलं आणि मोनिकानं राबवलं. कोरडी भाकरी, बिनफोडणीचं वरण. एकदा त्यानं शेंगदाणे चोरले, तर हिनं तोंडात बोट घालून बाहेर काढले.

तरी फरक पडेना. वर आज दुपारी परसाकडनं समर्थ ओरडत आला, "आक्के, हिरवं आलं!"

मोनिकानं जाऊन बघितलं, आणि गोळ्यांची डबी उचलून तरातरा अंगणवाडी गाठली.

"ताई, हिरवं घातलं, हिरवंच बाहेर पडलं! मग आत काय राह्यलं? फुकटचं हाय म्हणून आमाला काय बी देता व्हय?"

आरतीताई खिचडीचं पातेलं घासत होती. "आधी दम खा. रंग बाहेर पडतो, त्याला घाबरू नको. गोळी देतीस कशासंगं?"

"पाण्यासंगं. उपाशीपोटी. तेलाचा थेंब दिला न्हाई!" मोनिका तोऱ्यात म्हणाली.

ताईचा हात थांबला. "अगं बये! शेवाळात तयार ए व्हिटॅमिन नसतं. गाजरात असतं ना, तसलं केशरी द्रव्य असतं, हिरव्याखाली झाकलेलं. आतडं ते ओढून घेतं, मग त्याचं ए बनवतं. पण ते विरघळतं तेलात, पाण्यात न्हाई. कोरड्या पोटातनं बरंचसं तसंच खाली जातं."

मोनिकाला ते शेंगदाणे आठवले. ओले, अर्धे चावलेले, तिच्याच तळहातावर.

"मग हे आधी सांगायला काय झालं हुतं?" ती खेकसली, पण आवाजात जीव नव्हता.

"चुकलंच माझं. तुमी पथ्य धरताल हे ध्यानातच आलं न्हाई."

"आता तेल दिलं की दिसंल?"

"लगेच न्हाई. आणि नुसत्या गोळीवर थांबू नको. संध्याकाळी दिसत न्हाई म्हंजे डोळ्याचं काम हाय. डॉक्टर तयार ए देतील, लागंल तेवढं. उद्या ने."

"उद्या कशाला?"

घरी येऊन तिनं भाकरीवर चटणी घेतली, वर तेलाची धार सोडली.

"अगं, पथ्य!" रतनबाई किंचाळली.

"ह्या पथ्यानंच घात केला, आये. सांगते सगळं, आधी जाऊ दे."

तिनं घास पुढं केला. समर्थनं तोंड मिटून घेतलं. आधी तिच्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"काढून घेशील."

"न्हाई काढत. खा रं राजा."

तिनं भाकरी त्याच्या हातात दिली, त्याला काखोटीला मारलं आणि फाट्यावरची पाथर्डीची जीप गाठली. कोपरापर्यंत तेल ओघळेस्तोवर तो खात बसला. डायव्हर कानिफनाथ सिटं भरायची वाट बघत बिडी ओढत होता. मोनिकानं एकदा सूर्याकडं बघितलं, एकदा भावाकडं, आणि पत्र्यावर थाप मारली.

"निघ की आता! दिवस बुडायच्या आत पोचायचंय!"