पोरीचं पांघरूण

भेटीची घंटा झाली की पिंपरीच्या त्या इस्पितळातल्या साऱ्या खाटा गजबजायच्या. कोंडाजीची तेवढी ओकीबोकी! चऱ्होलीचा जुना शेतकरी, बायको मागंच वारलेली. कंपनीत बॉयलरची वाफ पाठीवर आली आणि बिचारा पालथा पडला तो पडलाच. पालथ्या माणसाला दिसणार काय? नुसते पाय. भावाचे पाय एकदाच आले. जखमेच्या वासानं दारातूनच माघारी फिरले.

रोज पट्टी सोडवताना कोंडाजीचा जीव कासावीस व्हायचा. एके सकाळी डॉक्टर इंद्रायणीबाई म्हणाल्या, "बाळाच्या वारेला पातळ पडदा असतो. तो स्वच्छ करून पाठीवर लावू. नवी कातडी तुमच्याच अंगातून उगवेल, तिला फक्त आडोसा हवा."

"वार? छ्या! विटाळ हाय त्यो! अन् हाय कुणाची?"

"पिंपरी कॅम्पामागच्या वस्तीतल्या कस्तुराची, कालच इथं बाळंत झाली. बौद्ध आहे. सासू वार पुरायची म्हणून अडून बसली होती, पण ही ऐकेना. म्हणाली, भाजलेल्या माणसाला द्या."

"मंग तर नगंच! गावात तोंड कसं दाखवू?"

"कुठल्या गावात? जिथून कुणी फिरकलं नाही, त्या?" बाई संतापल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, आईच्या पोटात नऊ महिने अशाच पडद्यात होतात ना? तेव्हा नाही झाला विटाळ?"

कोंडाजीनं तोंड उशीत खुपसलं. तिथूनच तो पुटपुटला, "लावा."

पडदा लागला आणि पाठीची आग निवली.

दोन दिवसांनी घंटा झाली. कोंडाजीनं सवयीनं डोळे मिटून घेतले. उघडले तर खाटेशी जोडवी घातलेले पाय!

"दादा, बरं वाटतंय का? मी कस्तुरा. घरी चालले, म्हटलं पोरीचं पांघरूण कुणाच्या कामी आलं ते बघून जावं."

कोंडाजीला हुंदका आवरेना. "माझं कुणीबी आलं न्हाई गं बाई! आन् तू आलीस!"

तिनं बाळाचा पाय त्याच्या हाताला टेकवला. "तुमच्यासाठी बारसं थांबवते. बरे होऊन या."

बरा होऊन कोंडाजी बारशाला गेला! ज्या वस्तीचं पाणी त्याच्या घराण्यात कुणी प्यायलं नव्हतं, तिथं त्यानं तांब्या मागून घेतला.

मंडळी, विटाळ म्हणून आपण जे पुरतो, त्यात एखाद्याच्या कातडीचा आडोसा असतो. आणि विटाळ म्हणून ज्यांना दूर लोटतो, त्यांच्यात आपलं माणूस असतं.