तिसरा स्क्रू

भिंगताईंना त्या सोमवारी नोकरीवरून काढण्यात आलं. पण असल्या गोष्टी पहिल्याच ओळीत सांगू नयेत. तेव्हा तसं काही झालंच नाही असं धरून सकाळी साडेदहापासून सुरुवात करू.

साडेदहाला त्या मोबाइल कंपनीच्या सेवा केंद्रात, दुरुस्तीच्या टेबलावर होत्या. नोकरी शाबूत, कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग. एकोणीस वर्षं ते तिथेच होतं. घरी जाऊनही काढायचं राहून जाई. नवरा म्हणे, "माझ्याकडे बघताना तेवढं वर कर. फार दिसतं."

समोर बाप-लेक उभे होते. बाप निवृत्त घड्याळजी, मुलगा नुसताच वैतागलेला. बापाचा चार महिन्यांचा फोन चार्ज होत नव्हता. ताईंनी मागचं झाकण काढलं आणि आतला भाग संगणकावरच्या फोटोशी ताडून पाहिला. फोटोत खालच्या पट्टीला तीन स्क्रू होते. फोनमध्ये दोन. तिसऱ्याच्या जागी रिकामं भोक.

"आजोबा, फोन कुठे उघडला होता का?"

मुलाने कपाळाला हात लावला. "वाटलंच मला! बाबा, तुम्ही ना..."

"मी नाही उघडला."

"मिक्सर कोणी उघडला होता?"

"मिक्सर मी उघडला."

"वजनकाटा? आईचं कानाचं मशीन?"

"तेही मीच. पण फोनला हात लावला नाही. तू शपथ घातली होतीस."

"कोणी विश्वास ठेवायचा तुमच्यावर?"

घड्याळजी ताईंकडे वळले. "साठ वर्षं दिसेल ते उघडत आलो, बाई. एकच वस्तू उघडली नाही, आणि नेमकी तीच अंगाशी आली."

कंपनीचा नियम सरळ होता. फोटोत आहे ते फोनमध्ये नसेल, तर ग्राहकाने छेडछाड केली. मोफत दुरुस्ती बंद. संगणक आपणहून 'छेडछाड: होय' असं छापत असे. 'नाही' लिहायची सोय त्यात ठेवलेलीच नव्हती. ताईंनी खाली सही करायची, एवढंच.

"भोक बघू द्या मला," घड्याळजी म्हणाले.

ताईंनी, काय वाटलं कुणास ठाऊक, कपाळावरचं भिंग सोडून त्यांच्या डोक्याला बांधलं. म्हातारा फोनवर ओणवा झाला तो बराच वेळ सरळ होईना.

"बाई, याला आटेच नाहीत."

"काय म्हणता?"

"स्क्रू धरायला भोकाला आतून आटे लागतात. हे गुळगुळीत आहे. यात कधी स्क्रू गेलेलाच नाही. बिचारीचं लग्नच झालं नाही, आणि तुम्ही विचारताय नवरा कुठे सोडला!"

ताईंनी भिंग परत घेतलं आणि पाहिलं. आटे नव्हते. बॅटरीची तार डावीकडून येत होती. फोटोत ती उजवीकडून होती. नाव तेच, खोका तोच, आतला फोन मात्र दुसराच.

काचेच्या खोलीतून साहेब बाहेर आले. "मॅडम, मॉडेल एकच आहे. कंपनीने लेखी कळवलंय."

"कंपनीने कळवलं असेल. कारखान्याने कंपनीला कळवलेलं दिसत नाही."

"फोटो बघा, सही करा, विषय संपवा."

ताई उठल्या. कपाटातून त्याच मॉडेलचा कोरा फोन काढला, सील फोडलं आणि झाकण उचकटलं. दोन स्क्रू, एक गुळगुळीत भोक.

"हा कोणी उघडला होता, साहेब?"

"तुम्ही. आत्ता. माझ्यासमोर."

"त्याआधी?"

"त्याआधी सीलबंद होता, म्हणून आत काय होतं ते सांगता येत नाही. आता उघडलेला आहे, म्हणून पुरावा धरता येत नाही."

"मग न उघडता आत बघायचं कसं?"

"बघायचंच नाही, मॅडम. फोटो त्यासाठीच दिलाय."

ताईंनी दुसरा फोन फोडला. तीन स्क्रू. तिसरा फोडला. पुन्हा दोन.

"ही कंपनीच्या मालाची छेडछाड आहे!" साहेब ओरडले.

"आहे ना. माझ्या नावावर लिहा. यांच्या नको."

पुढे साहेब काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तसं काही झालंच नाही असं आपलं ठरलंय. ताईंचंही तसंच ठरलं असावं, कारण त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. दोन स्क्रूच्या कोऱ्या फोनमधली चार्जिंगची पट्टी काढून त्यांनी ती घड्याळजींच्या फोनला बसवली. पडद्यावर हिरवी बॅटरी उगवली.

झाकण लावायची वेळ आली तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही लावा."

"मी हात लावलेला चालेल तुला?"

"लावा हो!"

बाप-लेक गेल्यावर ताईंनी त्या मॉडेलची जुनी फाइल काढली. छेडछाडीचे सदतीस कागद, सदतीसही ठिकाणी तिसरा स्क्रू गायब, खाली त्यांची सही. एक नर्स आठवली, "उघडायला मला वेळ कुठे आहे, ताई?" म्हणणारी. याच टेबलासमोर धाकट्या भावाच्या थोबाडीत देणारा एक मोठा भाऊ आठवला. त्या चपराकीचा आवाज तेव्हा ऐकू आला होता. ताई मान वर न करता पुढचा फोन उघडत होत्या.

"मॅडम, तुमचा संगणक बंद केलाय," साहेब म्हणाले.

"कागद चालू आहे ना?"

आणि त्यांनी लिहायला घेतलं.

'मा. मुख्य कार्यालय यांस,

विषय: खोटं न बोललेल्या ग्राहकांबाबत.

महोदय, सोबतच्या यादीतल्या सदतीस ग्राहकांना मी माझ्या सहीने खोटं ठरवलं आहे. ते खरं बोलत होते. तरी आपल्या एका जबाबदार अधिकाऱ्याने या सदतीस घरी स्वतः जावं, घरातली सगळी माणसं जमेपर्यंत थांबावं, 'यांनी फोन उघडला नव्हता' असं सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवावं, आणि अनुक्रमांक बावीस यांना बसलेली थोबाडीत मागे घेण्याची व्यवस्था करावी, ही नम्र विनंती.'