चौथ्या अंकातली चिठ्ठी

आमच्या नाटकगृहात कुठल्याही नटाच्या हाती पूर्ण नाटक देत नाहीत. ज्याला त्याला स्वतःची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे तीन शब्द, एवढंच लिहून मिळतं. पूर्ण प्रत बाहेर गेली तर दुसरं नाटकगृह चोरतं. लंडनभर हीच पद्धत. हे कागद लिहिण्याचं काम माझं. अकरा वर्षांत त्यात माझी चूक निघाली नव्हती.

त्या दिवशी चौथा अंक सुरू झाल्यावर मी ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि बोटांना चिठ्ठी लागली.

सकाळीच नाटककाराने याच अंकातल्या बागेच्या प्रवेशातल्या नायकाच्या चार ओळी कापल्या होत्या. बदलाची चिठ्ठी मी नायकाचं काम करणाऱ्या टॉलवर्थसाहेबांच्या कागदावर चिकटवली. नायिकेचं काम करणारी हेस्टर लॅव्हनम तेव्हा शिंपिणीकडे गेली होती. तिची चिठ्ठी द्यायची राहून गेली. म्हणजे जे तीन शब्द ऐकून ती बोलणार होती, ते आता कोणीच उच्चारणार नव्हतं. आणि ती रंगमंचावर गेलेली होती.

हेस्टर यॉर्कहून आलेली. लंडनमधला तिचा हा पहिला प्रयोग. इथले प्रेक्षक नव्या नटीला एकदाच ऐकून घेतात. ती अडखळली की हुर्यो उडते, आणि सकाळच्या गाडीने मालक तिला परत पाठवतो.

वही घेऊन अडलेल्याला वाक्य सुचवणारे ॲन्स्टीकाका डाव्या कोपऱ्यात. तिचं बाक उजव्या टोकाला. त्यांची कुजबुज तिच्याआधी प्रेक्षकांनी ऐकली असती.

उरले टॉलवर्थ. ते पडद्याआड मनगटाच्या झालरी सारख्या करत उभे होते.

"साहेब, त्या कापलेल्या ओळी आज म्हणाल का? हेस्टरला बदल कळलेला नाही. चूक माझी आहे."

"सकाळी मला सांगितलं, विसरा. मी विसरलो." ते हसले. "विसरण्यात माझा हात कोणी धरणार नाही, डॉर्कसबाई."

"निदान शेवटचे तीन शब्द."

"यॉर्कची हुशारी पाहू या की जरा. मालकांनी फार वाखाणली होती."

ही भूमिका त्यांच्या बायकोला हवी होती. ते सगळ्यांना ठाऊक होतं. ते प्रवेश करायला निघून गेले.

प्रवेश छान चालला होता. ती टोमणा मारी, ते परतवीत, बाकांवरून हशा येई. मग ते वाक्य आलं.

"तुम्हाला माझा कंटाळा आहे, बाई. तरी मी रस्त्यावरून जाताना तुमची खिडकी रोज उघडी असते."

इथे ते थांबले. हेस्टर त्यांच्याकडे पाहत राहिली. मी श्वास मोजले. चार. पाच. मागच्या बाकांवर कोणीतरी खाकरलं. ॲन्स्टीकाकांनी वहीवरून मान वर केली. टॉलवर्थ अदबीने, अगदी स्वस्थ उभे होते. सात. एक बारीकशी शिट्टी आली.

हेस्टरने पंखा मिटला.

"बोला ना. 'खरं कारण सांगा' असं विचारायचंय तुम्हाला." ती उठली आणि त्यांच्याजवळ गेली. "धीर होत नाही? असू दे. पुरुषांची कामं बायकांनाच उरकावी लागतात. तुमच्या वतीने मीच विचारते." तिने त्यांचा आवाज काढला. " खरं कारण सांगा." मग वळून, स्वतःच्या आवाजात, "तुम्ही कधी एकदा जाता, ते पाहायला."

हशा वरच्या सज्जापासून खाली आला. टॉलवर्थ क्षणभर गोंधळले, मग कमरेत वाकले. शेवटी तेही नटच.

नाटक संपल्यावर रिवाजाप्रमाणे एका नटाने पुढे येऊन विचारलं, उद्या हेच करावं का? बाकं दणाणली. होकार होता.

हेस्टर आत येऊन माझ्या टेबलापाशी बसली.

"माझ्या कागदावर बदल का नव्हता?"

"द्यायला विसरले. माफ कर."

"त्यांना माहीत होतं?"

"मी सांगितलं होतं. आत जाण्याआधी."

तिने पंखा टेबलावर ठेवला.

"म्हणजे उद्या ते आणखी काहीतरी विसरतील."

"विसरतील."

"मग मला त्यांचे कागद हवेत. सगळे. पहिल्या अंकापासून."

असं कधी देत नाहीत. हे मालकांना कळलं तर माझी अकरा वर्षं वाया. मी उठले, दाराला कडी घातली आणि नवी लेखणी तासायला घेतली.